चेहरा केवढ्याचा आणि गिऱ्हाईक केवढ्याचं?

इन्स्टाग्राम-फेसबुकवरच्या जाहिराती आणि त्यांतले प्रसिद्ध चेहरे यांविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना या सदरात उत्तरं देत आहोत. उत्तरांतले हिशेब उदाहरणादाखल आहेत. स्वतःचे आकडे घालून तेच गणित पुन्हा मांडा.

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमची हापूसची बाग आहे. हंगामात साधारण ६०० पेट्या थेट गिऱ्हाइकांना, मुख्यतः पुण्या-मुंबईला पाठवतो. यंदा मालिकेतल्या एका अभिनेत्रीकडून रील करून घ्यावं असं घरात चाललंय. एका रीलचे दीड लाख सांगितलेत, आमचं सगळं बजेट दोन लाखांचं. करावं का?

यंदा तरी करू नका.

आधी गणित. खुडणी, पेटी, पेंढा, वाहतूक वजा जाता एका पेटीमागे ८०० रुपये सुटतात असं धरू. दीड लाखाला ८०० ने भागलं की १८८ येतात. एवढ्या पेट्या जास्तीच्या गेल्या तर रीलचा खर्च भरून निघेल, हातात काहीच उरणार नाही. तुमचा माल ६०० पेट्यांचा. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा त्या एका रीलसाठी राबणार.

प्रसिद्ध चेहरा चालतो, यात शंका नाही. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत आल्या. त्या साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री. पण साबण गावोगावच्या दुकानात असतो. बाई दुकानात उभी राहिली की पाहिलेला चेहरा आठवतो आणि हात त्या वडीकडे जातो. तुमचा आंबा दुकानात नाही, तो फोनवर मागवला जातो. लाखो लोकांच्या लक्षात राहून काय करायचं? तुम्हाला सहाशे घरं हवी आहेत, आणि तीही तुमची गाडी पोचते त्या भागातली.

त्यापेक्षा पुणे, ठाणे, मुंबईत राहणारे आणि खाण्यापिण्याचे व्हिडिओ करणारे तीन-चार जण निवडा. फॉलोअर १० ते ४० हजार असले तरी पुष्कळ. बोलणी पक्की करण्याआधी त्यांच्याकडून इन्साइट्सचं, म्हणजे त्यांच्या खात्याच्या आकडेवारीच्या पानाचं, स्क्रीन रेकॉर्डिंग मागा. स्क्रीनशॉट नको, त्यात आकडे बदलता येतात. रेकॉर्डिंगमध्ये गेल्या ३० दिवसांचा रीच (किती जणांपर्यंत पोचलं), बघणाऱ्यांची शहरं आणि वयोगट दिसले पाहिजेत. तुमच्या शहरांचा वाटा ४० टक्क्यांच्या खाली असेल तर आमच्या मते तो सौदा सोडावा. मग कमेंट वाचा. नुसते बदाम आणि टाळ्या आहेत, की कुणी ‘कुठे मिळेल?’, ‘डझन कसा?’ असंही विचारलंय? दुसऱ्या प्रकारची दहा माणसं पहिल्या प्रकारच्या हजारांना भारी पडतात. प्रत्येकाला वेगळा सवलत-कोड द्या, म्हणजे कुणामुळे किती पेट्या गेल्या ते वहीत दिसेल.

यापुढची पायरी बहुतेक जण विसरतात. चांगलं चाललेलं रील दोन-चार दिवसांत खाली जातं. त्याची पार्टनरशिप जाहिरात करता येते. व्हिडिओ करणाऱ्याने परवानगी दिली की दोघांच्या नावाने जाहिरात चालते आणि भाग, वय, दिवस तुम्ही ठरवता. ही परवानगी किती दिवसांसाठी हे करारात आधीच लिहून घ्या, नाहीतर नंतर तिचे वेगळे पैसे मागितले जातात. किती रीलं, किती स्टोरी, कोणत्या तारखेला, पोस्ट किती दिवस काढायची नाही, त्या हंगामात दुसऱ्या बागेची जाहिरात करायची नाही, हेही त्याच कागदावर यावं. अर्धे पैसे आधी, अर्धे पोस्ट पडल्यावर.

रील पेट्या निघायच्या पाच-सहा दिवस आधी यावं. मार्चमध्ये रील आणि एप्रिलअखेर माल, तर विचारणाऱ्यांनी तोवर दुसरीकडून आंबा खाल्लेला असतो. रीलमध्ये अभिनय नको, आंबा पिकायला घातलेली आढी दाखवा. गवतात मांडलेली फळं, हाताने फिरवून बाजूला काढलेलं एखादं डागी फळ. ‘कार्बाइडमुक्त’ या शब्दापेक्षा ते दृश्य जास्त बोलतं. ‘हापूस’ला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावण्याचा हक्क) मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी असेल तर ती जाहिरातीत ठळक दाखवा.

साका, म्हणजे फळाच्या आतला खराब गर, बाहेरून कळत नाही, तो निघणारच. फळ बदलून देणार की पैसे परत, ते रीलखालीच लिहून ठेवा. ‘साका निघाला, फोन उचलत नाहीत’ अशी एक कमेंट चालू जाहिरातीखाली पडली, तर ती कमेंट लोकांना दाखवायलाच तुम्ही पैसे भरत असता.

प्रश्न : ठाण्यात मी घरगुती चकली-मेतकूट विकते. पोस्ट ‘बूस्ट’ करण्यात, म्हणजे पैसे भरून ती जास्त लोकांना दाखवण्यात, ६ हजार गेले. लाइक भरपूर आले, ऑर्डर एकही नाही. काय चुकलं?

‘बूस्ट’च्या बटणाने तुम्ही जे मागितलं तेच दिलं. नुसतं बूस्ट केलं की बहुतेक वेळा ध्येय लाइक किंवा प्रोफाइल-भेटी असं ठरतं. मग यंत्रणा सवयीने बदाम दाबणारी माणसं शोधून आणते. विकत घेणारी माणसं वेगळी असतात.

फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती जिथून चालवतात त्या अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये जा. व्हॉट्सअ‍ॅपवर संभाषण सुरू व्हावं हे ध्येय निवडा. भाग म्हणून तुम्ही स्वतः डबा पोचवू शकता तेवढंच वर्तुळ घ्या, १० ते १२ किलोमीटर. दिवसाला ३०० रुपये, १० दिवस. हे ३ हजार झाले, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५४०, एकूण ३,५४०. हे पैसे चार अ‍ॅडसेटमध्ये (स्वतःचं बजेट आणि गिऱ्हाईक असलेल्या जाहिरातीच्या गटांमध्ये) वाटू नका. यंत्रणेला शिकायला एका अ‍ॅडसेटमागे आठवड्याला साधारण ५० निकाल लागतात. ७५-७५ रुपयांच्या चार तुकड्यांत एकही तुकडा शिकत नाही. पहिले पाच दिवस हात लावू नका. दर दोन दिवसांनी फोटो किंवा भाग बदलला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

मग मोजा. ९० जणांनी मेसेज केला आणि १२ जणींनी घेतलं, तर एक ऑर्डर २९५ रुपयांना पडली. अर्धा किलो चकलीत तुम्हाला ९० रुपये सुटत असतील तर प्रत्येक ऑर्डरमागे २०५ रुपये खिशातून जातात. इथे जाहिरातीला दोष देऊन उपयोग नाही, ऑर्डर मोठी करायला हवी. चकली, मेतकूट, भाजणी असा एकत्र डबा करा, किंवा पहिल्या ऑर्डरवरचा तोटा दुसऱ्या-तिसऱ्या ऑर्डरमध्ये भरून निघतो का ते पाहा. त्यासाठी आलेला प्रत्येक नंबर नावानिशी जपून ठेवावा लागतो.

व्हिडिओच्या पहिल्या तीन सेकंदांत चकली मोडल्याचा आवाज येऊ द्या. नमस्कार, ओळख, लोगो सगळं नंतर. किंमत आणि ‘फक्त ठाणे-मुलुंड’ हे पडद्यावर लिहा. मेसेज कमी येतील, पण कामाचे येतील. सिनेमाचं गाणं लावू नका. हक्काचं संगीत असलेलं रील बूस्टसाठी नाकारलं जातं, वर हक्कदार कंपनीची नोटीस येऊ शकते. मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) साउंड कलेक्शनमधलं संगीत घ्या, किंवा तळणीचा आवाजच राहू द्या. पाकिटावरचा १४ आकडी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) क्रमांक व्हिडिओत दिसू दे. आणि मेसेजला दहा मिनिटांत उत्तर द्या. खाण्याची इच्छा संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

प्रश्न : कोल्हापुरात आमचं चपलांचं दुकान आहे. एका नटाचा विमानतळावरचा फोटो फिरतोय, पायात कोल्हापुरी. तो आमच्या पेजवर टाकून ‘आमच्याकडे मिळेल’ लिहिलं तर चालेल ना?

चालणार नाही. फोटो ज्याने काढला त्याचा त्यावर कॉपीराइट आहे. शिवाय नटाचा चेहरा धंद्यासाठी वापरायचा तर त्याची परवानगी हवी. अमिताभ आणि जया बच्चन यांचा तनिष्कच्या जाहिरातीतला फोटो मुजफ्फरनगरच्या एका सराफाने स्वतःच्या होर्डिंगवर लावला होता. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच्या विरोधात निकाल दिला. एआयने केलेला आवाजही यातून सुटत नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या नकलांना मनाई केली. ‘आम्ही नाव कुठे घेतलं?’ हा बचाव चेहरा किंवा आवाज ओळखू येत असला की टिकत नाही.

एखादा कलाकार खरोखर तुमच्या दुकानात आला आणि चपला घेऊन गेला, तर त्याच्याकडून किंवा व्यवस्थापकाकडून लेखी परवानगी घ्या. कोणता फोटो, कुठे, किती दिवस, पैसे लावलेल्या जाहिरातीत चालेल की नाही, हे चारही मुद्दे त्यात हवेत. सोबत हसत काढलेला सेल्फी म्हणजे परवानगी नव्हे.

खरं तर तुम्हाला उसन्या पायांची गरज नाही. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि त्यावर देशभर चर्चा झाली. त्यानंतर लोकांना खरी चप्पल ओळखायची आहे. ती ओळखायला शिकवा. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं चामडं, वेणी विणणारी बोटं, कान कसा शिवतात, नवी चप्पल पहिल्या आठवड्यात का करकरते आणि पायाला कशी बसते, असं एकेका रीलमध्ये एकच. कोल्हापुरीला २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांचं आहे, तेही सांगा.

प्रश्न : मी नाशिकची, रेसिपीचे व्हिडिओ करते, २२ हजार फॉलोअर आहेत. कंपन्या मसाले, भांडी फुकट पाठवतात, पैसे देत नाहीत. तरी ‘जाहिरात’ लिहावं लागतं का?

हो. फुकट वस्तू, सवलत, सहल, बक्षीस, कंपनीत नातेवाईक असणं, यातलं काहीही असलं तरी ते सांगावं लागतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या सूचना तसं स्पष्ट म्हणतात. भाषा जाहिरातीची तीच हवी, म्हणजे तुमच्या मराठी व्हिडिओवर ठसठशीत ‘जाहिरात’ लिहा आणि तोंडानेही सांगा. हॅशटॅगच्या ढिगाऱ्यात किंवा ‘आणखी वाचा’च्या मागे ते लपता कामा नये. लाइव्ह असेल तर सतत दिसायला हवं. जाहिरात मानक परिषद (एएससीआय) या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेच्या २०२१ च्या नियमांत वेळही ठरवून दिली आहे. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत निदान ३ सेकंद, दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एकतृतीयांश वेळ, त्याहून लांब असेल तर ती वस्तू दाखवता तो पूर्ण भाग.

२०१५ च्या मॅगी प्रकरणात मॅगीची जाहिरात करणाऱ्या माधुरी दीक्षित यांना हरिद्वारच्या अन्न खात्याची नोटीस गेली, तेव्हा ग्राहक कायद्यात जाहिरात करणाऱ्या चेहऱ्याची जबाबदारी नेमकी लिहिलेली नव्हती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती आली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत, शिवाय एक वर्षापर्यंत आणि नंतर तीन वर्षांपर्यंत जाहिरातीवर बंदी. दावा तपासून पाहिला होता हे दाखवता आलं तर बचाव होतो. म्हणून ‘ॲल्युमिनियम नाही’, ‘शंभर टक्के शुद्ध’ असं काही बोलायला सांगितलं, तर प्रयोगशाळेचा अहवाल आधी मागा आणि ईमेल जपून ठेवा. तो अहवाल येत नसेल तर ते वाक्य गाळा. वस्तू तुमच्याकडेच राहत असतील आणि एका कंपनीकडून वर्षाला २० हजारांपुढे त्यांची किंमत जात असेल, तर त्यावर १० टक्के करकपात लागते, हेही सीएच्या कानावर घाला.

प्रश्न : आमच्या चूर्णाने एका नामवंत खेळाडूच्या काकांचा मधुमेह बरा झाला. त्यांचा व्हिडिओ जाहिरातीत घेऊ का? (सांगली)

घेऊ नका, काकांनी लेखी संमती दिली तरीही. मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानेच मना आहे. शब्द बदलून, अनुभव म्हणून सांगून किंवा फक्त आधी-नंतरचे रिपोर्ट दाखवूनही ती मनाईच राहते. आणि तो व्हिडिओ पाहून कुणी इन्सुलिन बंद केलं, तर त्याच्या जिवाशी खेळ होतो.

प्रश्न : जळगावात केळी वेफर्सचा छोटा ब्रँड आहे. चेहऱ्यासाठी पैसेच नाहीत. लक्षात कसं राहायचं?

लिज्जत पापडच्या जाहिरातीतला ससा आठवा. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांची ती बाहुली. कुणी नट नाही, तरी ‘कर्रम कुर्रम’ म्हटलं की तो डोळ्यांपुढे येतो, कारण वर्षानुवर्षं तोच ससा आणि तोच आवाज राहिला.

तुम्हीही एकच गोष्ट धरा. कढईवर किसणी आडवी धरून थेट तेलात पडणाऱ्या चकत्या आणि त्यामागचा तोच एक हात चालेल. प्रत्येक रीलचा पहिला सेकंद तोच, पाकिटाचा रंग तोच, शेवटचं वाक्य तेच. आठवड्याला दोन रीलं, तीन महिने, म्हणजे साधारण २५. दोन हजार व्ह्यूज पाहून चौथ्याच आठवड्यात नवी कल्पना काढू नका. तुम्हाला कंटाळा येतो तेव्हा कुठे गिऱ्हाइकाला ओळख पटायला लागलेली असते. चवीचे प्रकारही सुरुवातीला दोनच ठेवा, मीठ आणि मिरी.