गिळलेलं क्रियापद

प्रिय मित्रा,

उंची कमी, चेहरा नायकाचा नाही, असं ऐकवल्यावर वकिलाची तीन प्रसंगांची भूमिका घ्यावी की थांबावं, हा तुझा पेच. चेहऱ्याचं राहू दे. तुझं वाक्य शेवटपर्यंत ऐकू येतं का, ते बघ. पाठवलेल्या चित्रफितीत ‘मी त्या रात्री तिथे हजर’ इथवर स्वच्छ आहे आणि ‘नव्हतो’ गिळलेलं. साक्षच उलटली!

हॉलिवूडमध्ये गाजलेला इंग्रज नट क्लॉड रेन्स पाहा. लंडनमध्ये १८८९ साली गरिबाघरी जन्म, बोली पक्की कॉकनी, म्हणजे लंडनच्या कामगारवस्तीतली, त्यात ‘र’ उच्चारता येईना. हर्बर्ट बीअरबोम ट्री यांच्या नाटकमंडळीत तो पोरसवदा वयात पडेल ते काम करायचा. ट्री यांनीच त्याच्या उच्चारशिक्षणाचा खर्च केला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूमुळे उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. पुढे तो लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशिक्षण संस्थेत शिकवू लागला. पुढे नावाजलेले नट जॉन गिलगुड आणि चार्ल्स लॉटन हे त्याचे विद्यार्थी. १९३३च्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’मध्ये मुख्य भूमिका मिळाली तेव्हा चाळिशी उलटली होती आणि चेहरा शेवटच्या काही क्षणांपुरताच दिसणार होता. बाकी सगळा चित्रपट आवाजावर आणि देहबोलीवर तोलला आहे. तू चेहऱ्याचं काय घेऊन बसलास?

‘कॅसाब्लांका’त रेन्स पोलीसप्रमुख रेनो झाला आहे. विमानतळावर नायक रिक जर्मन मेजरला गोळी घालतो. मेजरला गोळी लागल्याचं रेनो शिपायांना सांगतो, थांबतो, रिककडे बघतो आणि मग नेहमीच्या संशयितांना पकडायचा हुकूम देतो. त्या विरामात माणूस बाजू बदलतो. पण विराम टिकतो तो आधीचं वाक्य पुरं पोचलेलं असतं म्हणून. अर्धवट वाक्यानंतरचा विराम संवाद विसरल्यासारखा वाटतो. ‘नटोरियस’मध्ये रेन्सची बायको झालेली इन्ग्रिड बर्गमन त्याच्याहून उंच. तरी झोपलेल्या आईला उठवून बायको हेर असल्याचं तो सांगतो, तेव्हा उंची कुणाच्या ध्यानात येते? सहायक अभिनयासाठी ऑस्करची चार नामांकनं झाली, मिळालं एकही नाही. काम मात्र १९६०च्या दशकापर्यंत चालू होतं.

आता तुझा अभ्यास. आपल्या भाषेत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं आणि नेमका तिथेच श्वास संपतो. वीस-पंचवीस शब्दांचं वाक्य घे, श्वासाच्या जागी पेन्सिलीने तिरकी रेघ मार. शेवटच्या तीन-चार शब्दांआधी छोटा श्वास राखून ठेव. मोबाइल शेजारच्या खोलीत ठेवून, दार अर्धवट लोटून रेकॉर्ड कर. क्रियापद ऐकू आलं नाही तर आवाज चढवू नकोस, कारण चढवलास की गळा आवळतो, पट्टी वर जाते आणि पात्र उगाच चिडलेलं वाटतं. श्वास बरगड्या फाकवून घे, खांदे उचलून नको. डबिंगला माइक वीतभर लांब आणि तोंडाच्या किंचित बाजूला ठेव, नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटतात. रोज वीस मिनिटं पुरे, पण रोज.

चेहऱ्याला दोष देणं सोपं असतं रे. वाक्य पुरं करायला कष्ट पडतात. कुणाला हा माझा हेका वाटेल, वाटू दे. शेवटच्या रांगेत बसणाऱ्यानेही तिकीट काढलेलं असतं, त्याला अर्धं वाक्य द्यायचा आपल्याला हक्क नाही.

वकिलाची भूमिका घे. तिन्ही प्रसंगांतली क्रियापदं आज रात्रीच अधोरेखित कर आणि रविवारी नवं रेकॉर्डिंग पाठव.

तुझा,
काका