हेडर आत जाईना

प्रश्न : मी मिशिगनला असतो. १९६९च्या शेवरले कॅमॅरो गाडीच्या ३५० (घन इंच) इंजिनाला लाँग ट्यूब हेडर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या लांब नळ्या) बसवतोय. ड्रायव्हरच्या बाजूचा स्टिअरिंगपाशी अडतो. काय करू?

उत्तर : वरून रेटू नका, तो खालूनच जातो. बॅटरीची तार सोडा, गाडी चारही स्टँडवर चांगली उंच घ्या. आधी स्पार्क प्लग काढा. मी काढले नव्हते; सात नंबरच्या प्लगची पांढरी चिनीमाती कटकन तुटली, तो आवाज अजून कानात आहे. तरीही अडलं तर इंजिन ज्यावर बसतं त्या माउंटचा त्या बाजूचा बोल्ट काढा, ऑइल पॅनखाली जाड फळी ठेवून जॅकने इंजिन हळूच इंचभर उचला. मागचा डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना करंट वाटणारा भाग) फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) टेकत नाही ना, बघत राहा. हेडरचे सगळे बोल्ट आधी बोटांनी धरवा, मग मधल्यापासून कडेला आवळा. इंजिन एकदा तापवून पूर्ण गार झालं की पुन्हा आवळा, नाहीतर गॅस्केट (सांध्यातली पट्टी) फुसफुसेल. उजवीकडे स्टार्टरची वायर नळीपासून लांब बांधा.