धुक्यात सिग्नल दिसलाच नाही तर?

प्रश्न: मध्यंतरी पहाटेच्या गाडीने जात होतो, बाहेर एवढं धुकं की खिडकीतून काहीच दिसेना, आणि अचानक पुढून धाड धाड असे दोन आवाज आले. शेजारचे काका म्हणाले घाबरू नका, रुळावर फटाके ठेवलेत. हे खरं आहे का? आणि लाल दिवा धुक्यातून लांबूनही दिसतो असं ऐकलंय, मग फटाके कशाला?

उत्तर: काका अगदी बरोबर बोलले. बुटाच्या पॉलिशची डबी आठवा, तशी चपटी गोल डबी असते, आत थोडी स्फोटक दारू आणि बाजूला शिशाच्या मऊ पट्ट्या. पट्ट्या रुळाच्या कडेखाली दुमडल्या की डबी घट्ट बसते, इंजिनाचं चाक वरून गेलं की फुटते आणि रुळाला काही होत नाही. इंग्लंडमध्ये एडवर्ड काउपर यांनी १८४१ साली ही कल्पना काढली, आणि मला ती आजही फार आवडते, कारण जे डोळ्यांना दिसत नाही ते त्यांनी सरळ कानाला सांगितलं.

लाल दिव्याचं म्हणाल तर ती समजूत धुक्यात टिकत नाही. धुक्यातले थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे लाल काय, हिरवा काय, सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात.

आणि खरी अडचण अंतराची आहे. ताशी १०० किमीने जाणारी गाडी सेकंदाला साधारण २८ मीटर जाते, म्हणजे सिग्नल १०० मीटरवरून दिसला तर ड्रायव्हरच्या हातात चार सेकंदही नाहीत, आणि गाडी थांबायला तर किलोमीटरच्या आसपास अंतर लागू शकतं. म्हणून धुक्यात वेग कमी करतात, आणि सिग्नल दिसायच्या आधीच तो येतोय हे कळावं म्हणून फटाका. ब्रिटनमध्ये पूर्वी सिग्नलपाशी माणूसच बसवायचे, शेजारी शेगडी पेटवून रात्ररात्र थंडीत, सिग्नल थांबायचा किंवा सावधानतेचा असला की डबी रुळावर, मोकळा झाला की काढून घ्यायची. त्या लोकांच्या चिकाटीला खरंच सलाम.

तिथल्याच ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १९०६ पासून हा इशारा थेट इंजिनात आणला, रुळांच्या मधे पट्टी, लाईन मोकळी असेल तर घंटा आणि सावधान असेल तर भोंगा, पुढे त्याला ब्रेकही जोडला. आता युरोपातलं ईटीसीएस किंवा भारतातलं कवच या गाडीच्या सुरक्षा यंत्रणांमध्ये पुढची माहिती ड्रायव्हरसमोर स्क्रीनवरच येते, आणि त्याने ब्रेक लावला नाही तर यंत्रणा स्वतः लावते.

तरी फटाके अजून आहेत, कारण त्यांना वीज लागत नाही, नेटवर्क लागत नाही, अडकून पडलेल्या गाडीच्या मागे-पुढे रुळावर ठेवून येणाऱ्या गाडीला थांबवायलाही ते वापरतात. आणि तुम्हाला आवाज दोन आले ते यासाठी की एखादी डबी फुटलीच नाही तरी दुसरी फुटावी.