कोकणात समुद्राकाठच्या घरावर छोटी पवनचक्की बसवली तर वीजबिल वाचेल का?

तुमचा प्रश्न असा: घर मालवणजवळ, समुद्र दोनशे पावलांवर, वारा दिवसभर, पावसात लाईट सारखी जाते. तर स्लॅबवर एक किलोवॉटची पवनचक्की बसवावी का? देवगडला चक्क्या उभ्या राहतात, मग घरावर का नको?

स्लॅबवर नको. मी बसवली होती, म्हणून सांगतोय.

2019 मध्ये ऑनलाइन मागवली. खोक्यावर मोठ्या अक्षरात '1 किलोवॉट'. पात्यांचा घेर दोन मीटर व्यासाचा. तीन मीटरचा लोखंडी पाइप स्लॅबवर रोवला आणि उन्हाळाभर बघत बसलो. सकाळी दहा-अकराला खारा वारा सुटला की फिरायची, संध्याकाळी मंदावायची. रात्री मतलई वारा इतका हलका की चक्की ढिम्म. फिरताना छान दिसायची, पण बॅटरीच्या मीटरवरचा आकडा बघून लाज वाटायची. मला वाटलं माल खराब आला. माल ठीकच होता, गणित मी केलं नव्हतं.

ते गणित आता करू. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट झाला तर वीज आठपट, आणि निम्मा झाला तर एक अष्टमांश. अंगाला बरा वाटणारा वारा साधारण 4 मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी 14-15 किलोमीटर. दोन मीटर व्यासाच्या वर्तुळातून त्या वेगाने जाणाऱ्या हवेत एकूण 120 वॉट असतात. त्यातले जास्तीत जास्त 59 टक्केच काढता येतात, हे बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी दाखवून दिलं. घरगुती चक्की चोवीस-पंचवीस टक्के काढते. हातात उरले 30 वॉट, एक एलईडी ट्यूब आणि वर थोडंसं. महिनाभर अखंड तसाच वारा वाहिला तरी 21-22 युनिट. खोक्यावरचा एक किलोवॉट मिळायला ताशी 45 किलोमीटरच्या पुढचा वारा लागतो. तसा वारा आपल्याकडे आषाढात येतो, आणि तो धक्क्याधक्क्याने येतो.

आता माडांचं. ही गोष्ट विकणारे सांगत नाहीत. झाडं आणि घरं वारा अडवतात, शिवाय पलीकडे त्याचे भोवरे करतात, आणि भोवऱ्यात पातं सारखं तोंड फिरवत राहतं. सर्वसाधारण नियम असा की शंभर-दीडशे मीटरच्या परिघात जे सगळ्यात उंच असेल, त्याच्यापेक्षा पात्याचं खालचं टोक निदान नऊ-दहा मीटर वर हवं. आपल्या वाडीतले माड वीस मीटर सहज जातात. म्हणजे तीस मीटरचा मनोरा! त्याचा पाया, ताणतारा, वीजरोधक धरले तर चक्कीपेक्षा खांब महाग. स्लॅबवर पाइप रोवून ही अडचण सुटत नाही, उलट थरथर सगळ्या घरात उतरते. पहिल्याच पावसाळ्यात आई म्हणाली, "ह्या पंख्यान घरात वारो येना नाय, नुसतो आवाज येता." खाऱ्या हवेने दुसऱ्या वर्षी बेअरिंग गंजलं. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ येणार म्हणून आदल्या दिवशी आम्ही तिघांनी ती उतरवली, ती परत चढलीच नाही. पाइप आहे अजून, दिवाळीत कंदील लावतो.

देवगडच्या चक्क्या समुद्रावरच्या उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहेत, समोर अडवायला काही नाही. खरा वारा मात्र घाटमाथ्यावर. सातारा जिल्ह्यातली वनकुसवडे आणि चाळकेवाडीची पठारं हजार मीटरहून उंच आहेत. अरबी समुद्रावरून आलेला नैऋत्य वारा सह्याद्री चढताना दाबला जातो आणि माथ्यावर वेग घेतो. तिथेही बहुतेक वीज पावसाळ्याच्या चार महिन्यांत मिळते. आणि वारा 25 मीटर प्रति सेकंदाच्या वर गेला की त्या मोठ्या चक्क्याही पाती वळवून स्वतःला थांबवतात.

पवनऊर्जेच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. आषाढात सोलर निम्म्यावर येतं तेव्हाच वारा जोरात असतो, त्यामुळे दोन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात. तुमची जमीन उघड्या सड्यावर असती तर मी इतका ठाम नकार दिला नसता. पण तिथेही आधी वर्षभर वेगमापक लावून नोंदी घ्या. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे नकाशे अंदाजापुरते ठीक आहेत, पण तुमच्या कातळावरचा वारा तुम्हालाच मोजावा लागेल.

घरासाठी सोलर. किलोवॉटमागे वर्षाची सरासरी दिवसाला चारेक युनिट धरा. पीएम सूर्य घर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे.

आणि हे नीट वाचा, कारण तुमची खरी तक्रार बिलापेक्षा लाईट जाण्याची दिसते. साधं ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट वीजजोडणीला जोडलेलं सोलर लाईट गेली की स्वतःही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरून शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. माझ्या मेव्हण्याला हे पॅनेल बसल्यावर कळलं, आणि मग त्याने पुन्हा वेगळा खर्च केला. तेव्हा पहिल्याच कोटेशनमध्ये हायब्रिड इन्व्हर्टर (लाईट नसतानाही सोलर आणि बॅटरीवर घर चालवणारा) आणि बॅटरी मागा. फ्रिज, दोन पंखे, दिवे आणि विहिरीवरचा पंप यांतलं लाईट नसताना काय चालायलाच हवं ते आधी ठरवा. पंप सोडलात तर बॅटरी बरीच लहान लागेल.