पीएचडीनंतर सरकारच्या अणुधोकाविरोधी संशोधनात पोस्टडॉक करता येतं का? इथे की बाहेर?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात फिजिक्सची पीएचडी संपत आलीये, विषय फॉस्फरचा (ऊर्जा शोषून उजेड देणाऱ्या पदार्थांचा) आहे, आणि पुढे किरणोत्सारी पदार्थांची तस्करी, डर्टी बॉम्ब (साध्या स्फोटाने किरणोत्सारी पदार्थ पसरवणारा) असले धोके रोखायला सरकार जे संशोधन करवून घेतं त्यात शिरायचंय. अशा जागा भारतात आहेत का, की अमेरिकाच गाठावी लागेल, हा तुमचा प्रश्न.

माझी पीएचडीही अमरावती रोडच्याच कॅम्पसमधली, फॉस्फरचीच. भट्टीतून क्रुसिबल काढताना बोटं भाजून घेणाऱ्यांतला मीही एक. त्यानंतर साडेतीन वर्षं एका सरकारी प्रयोगशाळेत पोस्टडॉक केलं. कागदोपत्री त्याला रिसर्च असोसिएट म्हणतात. कुठली प्रयोगशाळा ते लिहीत नाही. तिथे लागलेली सवय अजून गेलेली नाही.

जागा आहेत. पण आधी काम कसं असतं ते सांगतो, कारण मी गेलो तेव्हा डोक्यात सिनेमातला बॉम्ब होता, आणि पहिल्या दिवशी समोर आले पाच स्टीलचे डबे. आपण डाळ-तांदूळ ठेवतो तसले. सरांनी हातात सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर (किरण पडले की चमकणारा क्रिस्टल असलेलं यंत्र) दिला आणि म्हणाले, यातला धोक्याचा कोणता ते सांग. एका डब्यावर टिकटिक जोरात वाढली, मी तोच उचलून बाजूला ठेवला. उघडला तर पेट्रोमॅक्सच्या जुन्या जाळ्या निघाल्या. त्यांत थोरियम असतं. दुसऱ्यात म्युरेट ऑफ पोटॅश, आपले संत्रावाले बागेत टाकतात तेच खत. तिसऱ्यात फरशीचा तुकडा, चौथ्यात काहीच नाही. पाचव्यात तपासणीसाठी वापरतात तो सिझियमचा छोटा स्रोत होता, आणि त्याची टिकटिक जाळ्यांपेक्षा कमी.

हे काम जवळजवळ सगळं या पाच डब्यांतच येतं. नुसता आकडा काही सांगत नाही, स्पेक्ट्रम सांगतो, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले त्याचा आलेख. पोटॅशियम-४० चं शिखर १४६० केईव्हीवर (केईव्ही हे किरणाच्या ऊर्जेचं एकक), थोरियमच्या साखळीतलं २६१४ वर, सिझियम-१३७ चं ६६२ वर, कोबाल्ट-६० ची दोन, ११७३ आणि १३३२. बंदरातल्या किरणोत्सर्ग तपासणाऱ्या गेटमधून कंटेनर गेला आणि घंटा वाजली की ती खताची, टाइल्सची किंवा केळ्यांची असण्याची शक्यताच खूप जास्त. कोराडीची राख भरलेला ट्रकही गेटला संशयास्पद वाटू शकतो, कारण राखेत युरेनियम-थोरियमचे अंश उरतात. थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ घेऊन दवाखान्यातून परतणारा माणूस तर चालताबोलता स्रोतच असतो. या हजार निरपराधांना न अडवता एक खरा गुन्हेगार हेरायचा, आणि तोही काही सेकंदांत. शिवाय ज्याची सगळ्यात जास्त भीती, त्या युरेनियम-२३५ चा १८६ केईव्हीचा किरण दुबळा असतो, गर्दीत हरवतो. प्लुटोनियम निदान न्यूट्रॉन फेकून स्वतःची चाहूल देतं, पण न्यूट्रॉन पकडायला लागणारा हेलियम-३ वायू २००८-०९ पासून इतका दुर्मिळ झाला की बोरॉन-१० आणि लिथियम-६ चे डिटेक्टर शोधण्यात जगभरातल्या किती पोस्टडॉकांची उमेदीची वर्षं गेली असतील.

माझी साडेतीन वर्षं कशात गेली तेही सांगतो. नागपूरच्या उन्हात. एसी खोलीत २२ अंशांवर नीट जुळवलेलं उपकरण आम्ही मे महिन्यात एका सरावासाठी इथे आणलं होतं. बाहेर ४५ अंश, गाडीचा बॉनेट तव्यासारखा तापलेला. सिझियम समोर धरलं तर यंत्राने छातीठोकपणे 'नैसर्गिक' असं सांगितलं. सोबतचे जवान माझ्याकडे बघत होते, मी यंत्राकडे. संध्याकाळी डेटा उघडला तेव्हा कळलं: तापमानाने क्रिस्टलचा उजेड आणि तो विजेच्या संकेतात बदलून वाढवणाऱ्या फोटोमल्टिप्लायरचा गेन दोन्ही उतरले होते, ६६२ चं शिखर घसरून ६१० च्या आसपास आलं होतं, आणि ६०९ वर तर बिस्मथ-२१४ चं शिखर असतं, जमिनीत, भिंतीत, सगळीकडे सापडणारं. धोक्याच्या माणसाने शेजाऱ्याचे कपडे घालून निघून जावं तसं. यावरचा उपाय म्हणजे भिंतीतल्या आणि मातीतल्या पोटॅशियमचं १४६० चं शिखरच खुंटी म्हणून वापरायचं आणि बाकी स्पेक्ट्रम दर काही सेकंदांनी तिच्याशी जुळवत राहायचं. कल्पना जुनीच, पण छोट्या क्रिस्टलवर, कमी मोजणीत ती नीट चालवणं हीच माझी पोस्टडॉक. त्यावरचा पेपर परवानगीसाठी आठ महिने कुणाच्या तरी टेबलावर पडून होता. परत आला तेव्हा त्यातली सगळ्यात चांगली आकृती काढून टाकलेली. हे होणारच, आताच मनाची तयारी ठेवा.

आपल्याकडे या कामाची गरज काय, असं घरचे विचारतील. त्यांना मायापुरी सांगा. एप्रिल २०१०, दिल्ली. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं जुनं गॅमा यंत्र १९८५ पासून पडून होतं, ते लिलावात भंगारवाल्यांकडे गेलं, त्यांनी कापलं, आत कोबाल्ट-६०. एक माणूस गेला, अनेकांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. ना दहशतवादी, ना तस्करी. मग मे २०२१ मध्ये महाराष्ट्र एटीएसने मुंबईत ७ किलोंहून जास्त युरेनियम पकडलं, त्यातही भंगाराचा धागा होताच, आणि ते नैसर्गिक युरेनियम असल्याचं भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या तपासणीत ठरलं. महिनाभरात झारखंडमध्ये बोकारोला 'युरेनियम' पकडल्याची बातमी झळकली आणि शेजारच्या देशाच्या परराष्ट्र खात्यानेही त्यावर निवेदन काढलं. तपासणीत निघालं की ते युरेनियम नव्हतंच, किरणोत्सारीसुद्धा नव्हतं. या दोन बातम्यांमधला फरक सांगणारा माणूस लागतो, तोच तुम्ही व्हायचं म्हणताय. (आपल्याकडच्या 'राइस पुलर'वाल्यांची तर वेगळीच जत्रा. तांदूळ ओढणारं तांब्याचं भांडं, शास्त्रज्ञाचा खोटा दाखला, किरणोत्सर्गापासून वाचवणारा म्हणून चंदेरी सूट. भले शिकलेले लोक यात लाखो घालवतात.)

आता दारं. भाभा केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलचा रस्ता सगळ्यांना माहीत असतो, पण खुल्या गटाला वयाची मर्यादा २६ आहे, म्हणजे पीएचडी हातात येईपर्यंत ते दार बहुतेकांना बंद. त्यांची डॉ. के. एस. कृष्णन रिसर्च असोसिएटशिप मात्र पीएचडी झालेल्यांसाठी आहे, तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. डीआरडीओत दोन ठिकाणं तुमच्या कामाची: जोधपूरची डिफेन्स लॅबोरेटरी, जिथे किरणोत्सर्ग मोजायची उपकरणं बनतात, आणि दिल्लीची इन्मास, जिथे किरणोत्सर्गाचा शरीरावरचा परिणाम आणि त्यावरचे उपचार पाहतात. तमिळनाडूतलं कल्पाक्कमचं अणुसंशोधन केंद्र आहेच. तिसरी वाट राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपची, पूर्वी सर्ब या केंद्र सरकारच्या संशोधन मंडळाची होती, आता त्याच्या जागी आलेल्या एएनआरएफची (अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन). वय ३५ पर्यंत, मुदत दोन वर्षं, आणि मार्गदर्शक आपण शोधायचा. हरियाणात बहादूरगडजवळ जीसीएनईपी (ग्लोबल सेंटर फॉर न्यूक्लिअर एनर्जी पार्टनरशिप) नावाचं केंद्र आहे, त्यात आण्विक सुरक्षेचं एक स्वतंत्र स्कूलच आहे.

नागपूरकर म्हणून एक फायदा कुणी सांगत नाही. एनडीआरएफची अकादमी आपल्या गावात आहे, आणि तिच्याआधी १९५७ पासून नागरी संरक्षण महाविद्यालय सिव्हिल लाइन्समध्ये होतं. रासायनिक, जैविक, किरणोत्सारी प्रसंगांचं प्रशिक्षण तिथे चालतं. संशोधनाची नोकरी तिथे मिळणार नाही, पण तुमचं उपकरण शेवटी ज्याच्या हातात जाणार तो जवान जाड रबरी हातमोजे घालून बटण कसं दाबतो हे एकदा बघून या. माझ्या पहिल्या नमुन्याची बटणं हरभऱ्याएवढी होती. अणुखनिज संचालनालयाचं मध्य विभागाचं कार्यालयही इथेच. कुठल्या खाणीतल्या युरेनियमसोबत कोणती अशुद्ध द्रव्यं येतात हे ज्याला कळतं तो उद्या पकडलेल्या मालाचं मूळ गाव सांगू शकतो. त्यालाच न्यूक्लिअर फॉरेन्सिक्स म्हणतात.

अमेरिकेबद्दल भ्रम नको. तिथल्या गुप्तचर यंत्रणांची पोस्टडॉक फेलोशिप फक्त अमेरिकन नागरिकांसाठी आहे. लॉस अलामॉस, लिव्हरमोरसारख्या राष्ट्रीय प्रयोगशाळा परदेशी पोस्टडॉक घेतात, पण खुल्या विज्ञानापुरते. ज्या कामासाठी तुम्हाला जायचंय त्याच्या दाराशी तुमचा पासपोर्ट तुम्हाला थांबवेल. धोरणाच्या बाजूचं आकर्षण असेल तर प्रिन्स्टनचा सायन्स अँड ग्लोबल सिक्युरिटी कार्यक्रम बघा, फिजिक्सवाल्यांना तिथे मान आहे. व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत भारतीयांना अर्ज करता येतो, पण तिथे नवशिक्याला नाही, अनुभव घेऊन आलेल्याला विचारतात. म्हणून मी तरी आधी इथलं काम, मग व्हिएन्ना असा क्रम सांगेन.

आणि फॉस्फर सोडू नका. मी घाईने सोडला, त्याचं अजून वाईट वाटतं. १९८७ मध्ये ब्राझीलमधल्या गोयानियात बंद पडलेल्या दवाखान्यातून उपचाराचं यंत्र चोरीला गेलं, आतलं सिझियम निळं चमकतं म्हणून लोकांनी हातोहात वाटून घेतलं. चार जण गेले. १ लाख १२ हजार लोकांना स्टेडियममध्ये रांगेत उभं करून तपासलं, त्यांतले २४९ दूषित निघाले. कुणाकडे डोस मोजणारा बिल्ला नव्हता, मग डोस कसा कळणार? घरांच्या विटा-कौलं नेऊन थर्मोल्युमिनिसन्सने (तापवल्यावर निघणाऱ्या उजेडावरून) काही ठिकाणचा डोस काढला गेला. म्हणजे आपण कॅम्पसमध्ये ग्लो कर्व्ह (तापमानागणिक त्या उजेडाचा आलेख) काढतो तेच. आज तेच काम मोबाइलमधल्या बारक्या रेझिस्टरवर चालतं, त्यांच्या तळाशी ॲल्युमिना असतं आणि ते किरणोत्सर्ग लक्षात ठेवतं. साध्या मिठावरही चालतं. शहरात उद्या असं काही झालं तर प्रत्येकाच्या खिशात डोसमीटर आधीच असणार. तो वाचायचा लवकर आणि खात्रीने, एवढंच राहिलंय. तुमच्या अर्जात हा विषय घाला. 'मला देशसेवा करायची आहे' या वाक्याने सुरू होणारे अर्ज निवड समितीने पोत्याने पाहिलेले असतात. रेझिस्टरचा ग्लो कर्व्ह जोडून, आठवड्याभरात सिग्नल किती विरतो हे स्वतः मोजून पाठवणारा एखादाच असतो. यासाठी लागतं ते सगळं तुमच्या विभागात आहे, सीताबर्डीवरून जुने फोन तेवढे आणा.

व्यवहाराचं थोडक्यात: मुदत वर्षावर्षाने वाढते, फेलोशिप कधी तीन-तीन महिने येत नाही, तेवढे पैसे गाठीला असू द्या. कायम जागा जाहिरातीतूनच, पोस्टडॉक केलं म्हणून आपोआप मिळत नाही. मला मिळाली नाही. आता मी उपकरणं जुळवून देणाऱ्या एका छोट्या खाजगी कंपनीत आहे.

पोलिस पडताळणीसाठी पीएचडीच्या काळात जिथे जिथे खोली केली ते सगळे पत्ते तारखांसकट लिहून ठेवा. माझ्या तीन खोल्या होत्या, तीन घरमालक, एकाला तर मी आठवतच नव्हतो. मुदत वाढवायच्या वेळी पुन्हा एकदा हवालदार घरी आले, मी नव्हतो, आईने चहा दिला. पोरगा नेमका काय करून राहिला तिकडे, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "पेट्रोमॅक्सच्या जाळ्या मोजते म्हणते बापा, त्याले पीएचडी कायले लागते ते मले नाही समजलं." त्यांनी लिहून घेतलं की नाही माहीत नाही, पण त्या वर्षी मुदत वाढली.