आई गावी एकटी राहते. तिच्यासाठी घरपोच कोणत्या सेवा मिळतात?

तुम्ही विचारलंय की आई ७८ वर्षांची आहे, वडील नाहीत, तुम्ही परदेशात असता. तर तिच्यासाठी कोणत्या सेवा मिळतात आणि वृद्धाश्रमाचा विचार करणं चूक आहे का.

सेवा मिळतात. पुष्कळ मिळतात. पण प्रत्येक सेवेच्या दारात आधारकार्डाची झेरॉक्स घेऊन उभं राहायला एक माणूस लागतो, आणि तो कोण असणार हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. म्हणून लिहायला बसले. माझा मोठा भाऊ न्यू जर्सीला असतो आणि मी भुसावळात, आईच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून. त्यामुळे आमच्याकडे तो माणूस कोण, हा प्रश्न कधी कुणाला पडलाच नाही.

वडील रेल्वेत गार्ड होते. ते गेल्यावर आईला फॅमिली पेन्शन लागली. पेन्शन म्हटली की नोव्हेंबर, आणि नोव्हेंबर म्हटला की हयातीचा दाखला. २०२२ ची गोष्ट. आई तेव्हा ८२ ची, दोन्ही गुडघे गेलेले. बँकेची शाखा पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. (बँकेचं नाव लिहीत नाही, खातं अजून तिथेच आहे.) आईला रिक्षातच बसवून मी वर गेले, विनवण्या केल्या, तेव्हा एक पोरगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन खाली आला. भला होता बिचारा.

अंगठा लागेना. उजवा लागेना, डावा लागेना. मग तर्जनी, मग मधलं बोट, करता करता दहाही बोटं झाली. तोवर रिक्षाभोवती पाचसहा माणसं जमली, आणि प्रत्येकाकडे एक उपाय. कुणी म्हणे पदराला पुसा, कुणी म्हणे खोबरेल लावा. एक गृहस्थ समोरच्या टपरीवरून रुमाल ओला करून घेऊन आले. आईनं आधी राखेनं आणि मग हिरव्या घासणीनं मिळून साठ वर्षं भांडी घासलीत. तिच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत आहेत की थुंकी लावल्याशिवाय तिला वर्तमानपत्राची पानं सुटी करता येत नाहीत. शेवटी तो पोरगा म्हणाला, "आजी, तुमचे ठसेच नाहीत." आई म्हणाली, "म्हणजे मी नाहीच का?"

रात्री दादाचा फोन. "अगं, बँकेत कशाला गेलीस? मोबाइलवर चेहरा दाखवला की होतं आता. पाच मिनिटांचं काम."

ते पाच मिनिटांचं काम कसं असतं ते सांगते. आधी दोन ॲप घ्यायची, 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी'. मग ज्याच्या फोनवरून करायचं त्यानं आधी स्वतःचं आधार, ओटीपी आणि चेहरा द्यायचा, म्हणजे मी. मग आईचं आधार, मग पुन्हा ओटीपी. मग पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा. तो वडिलांच्या अक्षरात ट्रंकेतल्या एका पिवळ्या पडलेल्या कागदावर होता, आणि ट्रंकेवर गाद्या. मग प्रश्न: पुन्हा नोकरी धरली आहे का? पुनर्विवाह केला आहे का? हा दुसरा मी मुद्दाम मोठ्यानं वाचला. आई म्हणाली, "लिही, स्थळं बघणं चालू आहे." दोन दिवसांत पहिल्यांदा हसलो आम्ही.

आणि मग चेहरा. ॲपला उजेड कमी पडत होता, म्हणून ओट्यावर बसवलं. चष्मा काढायला लावला, तर तिला फोनच दिसेना. ते पापण्यांची उघडझाप करायला सांगतं. मी म्हटलं, आई, डोळे मिचकाव. "या वयात कुणाला डोळा मारू?" बरं, मिट म्हटलं तर मिटून बसली, उघडेचना, तिला वाटलं पूजेसारखं काहीतरी आहे. सातव्या खेपेला झालं. मेसेज आला. दादाला कळवलं तर म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं?"

डिसेंबर संपला आणि पेन्शन जमा झाली नाही. घाईत मी पेन्शनच्या प्रकारात 'फॅमिली'ऐवजी 'सर्व्हिस' निवडलं होतं. जानेवारीत सगळं पहिल्यापासून, तोच ओटा, तेच डोळे. थकलेली रक्कम नंतर आली, तिचा प्रश्न नव्हता. दादा म्हणाला, "नीट वाचायचं ना." ते वाक्य मी विसरलेले नाही.

जे मला नंतर कळलं ते तुम्हाला आत्ताच सांगते. ८० पूर्ण झालेल्या केंद्राच्या आणि रेल्वेच्या पेन्शनरांना दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीत जायची गरज नाही. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत दाखला काढून देतो. आणि ७० च्या पुढच्या माणसांना घरपोच सेवा द्या असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ सालीच बँकांना सांगून ठेवलंय. हे काउंटरवर मोठ्यानं म्हणायचं. मी पुढच्या वर्षी म्हटलं, चेहरेच बदलले सगळ्यांचे.

आता बाईबद्दल. आईला न्हाणीत धरायला, औषधं द्यायला कुणीतरी हवं होतं. पुण्यामुंबईकडे ब्यूरो असतात, आमच्याकडे ओळखीतूनच शोधावं लागतं. एका नर्सिंग होममध्ये आया म्हणून काम केलेली बाई मिळाली, सकाळी आठ ते रात्री आठ, महिना ११ हजार. दादाचं म्हणणं, "आईला परक्या बाईच्या हाती सोपवायचं? लोक काय म्हणतील?" लोक काही म्हणाले नाहीत. लोकांनी त्याच बाईचा नंबर मागितला.

मग त्यानं कॅमेरा पाठवला, बोलता येणारा. आम्ही बसवला. चौथ्या दिवशी दुपारी भिंतीतून आवाज: "साडेचारचा चहा अजून का नाही दिला?" बाईच्या हातून कप सुटला. संध्याकाळी ती मला म्हणाली, ताई, समोर उभं राहून बोला, भिंतीतून नको. तिचं बरोबर होतं. बोलायचं बटण मी त्याला बंद करायला लावलं, त्यावरून महिनाभर अबोला. माझं मत आजही तेच आहे. लांबच्या माणसानं देखरेख करू नये, काम करावं. तुम्हाला लांबून करण्यासारखी कामं ढीगभर आहेत: विम्याचे फोन, औषधांच्या ऑर्डरी, लाइटबिल, बाईचा पगार वेळेवर, आणि बाईच्या सुट्टीच्या दिवशी बदली कोण ते आठवडाभर आधी ठरवणं. हे करा आणि चहाची वेळ विचारू नका.

तुमच्या मूळ प्रश्नाचं राहिलंच. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन, सकाळी ८ ते रात्री ८, फोनला पैसे पडत नाहीत. माहिती, छळाची तक्रार, नुसतं बोलायचं असलं तरी लावता येते. ७० च्या पुढे ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं वय वंदना कार्ड निघतं, ५ लाखांपर्यंतचे उपचार, उत्पन्नाची अट नाही. पण आधीच एखाद्या सरकारी आरोग्य योजनेत असाल तर दोन्हींतली एक निवडावी लागते, तेव्हा विचारूनच काढा. आणि गावातला ज्येष्ठ नागरिक संघ शोधा. आमच्याकडे फोन न करता दार वाजवून चौकशी करणारे तेच लोक आहेत. आई जाऊ शकत होती तोवर त्यांच्याकडे भजनाला जायची, आणि खरं सांगायचं तर भजनापेक्षा सुनांची गाऱ्हाणी ऐकायला.

वृद्धाश्रम चूक नाही. आईला न विचारता ठरवणं चूक. बघायला जाल तेव्हा जेवणाच्या वेळेला, न कळवता जा, आणि एकच विचारा: अंथरुणाला खिळल्यावर ठेवता का? बऱ्याच ठिकाणी स्वतःचं स्वतः करणारी माणसंच घेतात, आणि नेमकी गरज लागते तेव्हा घेऊन जा म्हणतात. आणि घर आईच्याच नावावर राहू द्या. बक्षीसपत्र करायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्या. सांभाळ झाला नाही म्हणून बक्षीसपत्र रद्द करायला २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम २३ चा आधार मागायची वेळ आली तर ते एक वाक्य उपयोगी पडतं. माझ्या आईनं बक्षीसपत्राचा विषय निघाल्यावर "मी मेल्यावर भांडा" एवढंच सांगितलं, आणि आम्ही गप्प बसलो.

दादाच्या बाजूनं एक लिहायला हवं, तो हे वाचतो. गेल्या वर्षी जानेवारीत रात्री अडीचला आई पलंगावरून घसरली. बाई रात्री नसते, मी माझ्या घरी. न्यू जर्सीत दुपारचे चार होते, त्यानं कॅमेऱ्यात पाहिलं आणि मला सहा फोन केले. पाच फोन झोपेत मला ऐकूच आले नाहीत. मोडलं काही नाही, पण ती सकाळपर्यंत गार फरशीवर पडून राहिली असती. त्यामुळे कॅमेरा आहे अजून. बटण बंद आहे.

आणि आईला फॅमिली पेन्शन असेल आणि तुम्ही सुट्टी डिसेंबरात काढत असाल तर ती नोव्हेंबरात काढा, आई ८० ची झाली की ऑक्टोबरात. पेन्शनचा प्रकार 'फॅमिली' निवडायचा, हे लक्षात ठेवा. दादा गेल्या ऑक्टोबरात आला होता. दाखला त्यानंच काढला, माझ्या फोनवरून, ओट्यावर बसून. पाऊण तास लागला. "आई, मिट... आता उघड... अगं, उघड ना" असं चाललं होतं. मी आत कणीक मळत होते. बाहेर गेले नाही.