बाप्तिस्मा (पाण्याने दिली जाणारी दीक्षा) आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचं विधिपूर्वक सेवन) हे ख्रिस्ती विधी ग्रीक गूढपंथांतून, म्हणजे गुप्त दीक्षा देणाऱ्या पंथांतून आले का?

मूळ विधी तिथून आलेले नाहीत. त्यांच्याभोवतीची गुप्तता मात्र बरीचशी त्या वळणाची आहे.

सर्वांत प्रसिद्ध पंथ अथेन्सपासून सुमारे २० किलोमीटरवरच्या एल्युसिसचा, देमेतर आणि पर्सेफोनी या मायलेकी देवींचा. दीक्षा घेणारे डुकराचं पिल्लू घेऊन समुद्रात स्नान करत, मग त्याचा बळी देत. उपास धरून पाणी, जव आणि रानपुदिन्याचं 'किकेऑन' पीत. रात्री सभागृहात जे दाखवलं जाई, ते बाहेर फोडणाऱ्याला मृत्युदंडही होऊ शके.

बाप्तिस्म्याची मुळं ज्यू शुद्धिस्नानांत आणि येशूला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या यार्देन नदीतल्या विधीत आहेत, प्रभुभोजनाची ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या परंपरेत. पण चौथ्या शतकात बाप्तिस्मा न झालेल्यांना प्रभुभोजनाआधी बाहेर पाठवत, आणि जेरुसलेममध्ये या विधींचा अर्थ नवदीक्षितांना बाप्तिस्म्यानंतरच उलगडत. त्याआधी, २०० च्या सुमारास, अलेक्झांड्रियाच्या क्लेमंट या ख्रिस्ती विचारवंताने गूढपंथांवर कडाडून टीका केली आणि ख्रिस्ती श्रद्धा मात्र त्यांच्याच परिभाषेत मांडली. प्रभाव शोधायचा तर इथे शोधा.

'पुन्हा जिवंत होणारे देव' ही तुलना जपून करा: पर्सेफोनी दरवर्षी पाताळात जाते आणि परत येते, येशूचं पुनरुत्थान एकदाच घडतं. मिथ्रा या रोमन गूढपंथाच्या देवाचा जन्म २५ डिसेंबरचा, याला तर प्राचीन पुरावाच नाही.